वऱ्हाड शिकवताना सुरुवात मातीपासून कर

प्रिय पोरी,

मुलांना वऱ्हाड शिकवण्यासाठी तू केलेलं टिपण वाचलं. पहिलं पान इमादशाहीचं, दुसरं निजामाचं, तिसरं इंग्रजांचं आणि शेतकरी भेटतो थेट आठव्या पानावर. माझं ऐकशील तर हा क्रमच मोड.

पहिल्या दिवशी पुस्तक नको. उन्हाळ्यात मुलांना शेतात ने. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, त्यात तुरीची काडी घालून खोली मोजू दे. हात मात्र घालू देऊ नकोस, आत विंचू असतो. मग तिथलंच एक ढेकूळ पाण्यात टाकायला सांग. ते फुगतं, चिकट होतं. पावसात फुगणारी ही माती उन्हात आकसते, म्हणून भेगा. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर साचले, तो कातळ झिजून ही माती झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू रानात कापूस येतो आणि पाऊस गेल्यावर हरभराही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. तिथे तर सगळी भिस्त या ओलीवरच.

एवढं कळलं की इंग्रजांना वऱ्हाड का हवं होतं, ते मुलंच सांगतील. 1853 मध्ये त्यांनी ते निजामाकडून घेतलं. कागदावर कारण निजामाने थकवलेल्या फौजेच्या खर्चाचं होतं, पण डोळा कापसावरही होता. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्यांना जाईना, आणि आपल्या कापसाचे भाव चढले. 1865 ला युद्ध संपलं, भाव उतरले. दोन वर्षांनी मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. इथे थांब आणि विचार, आपल्या कापसाचा भाव कोण ठरवतं? पाचवीतल्या लेकराच्या घरीही दरवर्षी हाच प्रश्न असतो.

गाविलगड, नरनाळा हे किल्ले एका सहलीत उरक. पंजाबराव देशमुखांना मात्र वेळ दे. पापळसारख्या गावातला मुलगा देशाचा कृषिमंत्री झाला, हे मुलांना आपलं वाटेल.

कापूस वेचणाऱ्या बायांबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस, याचं मला वाईट वाटलं. माझी आई वेचायला जायची. कमरेला ओटी, पाठीवर ऊन. वाळलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी टोचतात. दिवाळीनंतर तिच्या बोटांवर इतक्या चिरा असत की भाकरी थापताना ती मिठाचा हात लावायची नाही. मजुरी किलोवर. मुलांना एक बोंड सोलायला दे, कापूस तुटू न देता. मग किलोभर व्हायला किती बोंडं लागतील, ते मोजू दे.

आत्महत्यांबद्दल लिहू का, असं विचारलं आहेस. लिही. कर्ज, बोंडअळी, पावसाने दिलेली दडी, पडलेला भाव, सगळं साध्या शब्दांत सांग. पण कुणाला घरचं सांगायला उभं करू नकोस. तुझ्या वर्गात असं एखादं लेकरू नक्की असेल, आणि तुला ते ठाऊकही नसेल. ते आपणहून बोललं तर बाकी सगळं बाजूला ठेवून ऐक.

नवीन टिपण पोळ्याच्या आधी पाठव. वेचणी सुरू झाली की मुलांना आमच्या रानात घेऊन ये, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तोवर त्यांच्या खांद्याएवढी झालेली असतील.

तुझे,
गुरुजी