चीनमध्ये एवढे प्रचंड पुतळे आणि उंच इमारती का बांधतात? आपण त्यांच्याकडून काय शिकावं?

'का'चं उत्तर छोटं आहे. जमीन, पैसा आणि साहेबांची बढती. तिकडे शहराचं सरकार जमिनीचे हक्क विकून तिजोरी भरतं आणि टॉवर उभा राहिला की आजूबाजूचा भाव चढतो. पुतळ्याला तिकीट लावता येतं. हनान प्रांतातला लुशानचा बुद्ध कमळासकट १२८ मीटर आहे. २०१८ मध्ये नर्मदेकाठी १८२ मीटरचे सरदार उभे राहिले, तोवर जगात उंच तोच. आणि सरदारांच्या अंगावरचे ब्राँझचे पत्रेही चीनमध्येच ओतून आणलेत, शिल्पकार धुळे जिल्ह्यातले राम सुतार असले तरी.

आता 'काय शिकावं'. हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की प्रश्न दिसल्याबरोबर लिहायला बसलो.

माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. कामानिमित्त चेंगदूला होतो, रविवार मोकळा मिळाला म्हणून रेल्वेने लेशान गाठलं. तिथे नदीच्या संगमावर लाल वालुकाश्माचा कडा कोरून केलेला ७१ मीटरचा बसलेला बुद्ध आहे. हायतोंग नावाच्या भिक्षूने ७१३ साली काम सुरू केलं, ते ८०३ मध्ये संपलं. (आपलं वेरूळचं कैलास लेणं त्याच शतकातलं.) पाऊस भुरभुरत होता. लोक डोक्याशी उभे राहून फोटो काढत होते आणि मी केसांकडे बघत होतो. वरून दिसतात ते केसांचे गोल बुचडे, पण त्यांच्या ओळींमधून पाणी बाजूला नेणारे चर काढलेत. कपड्याच्या चुण्या दिसतात त्यातही चर. कानामागे डोंगराच्या पोटात बोगदा खणलाय, आतला पाझर चेहऱ्यावर येऊ नये म्हणून. पायापर्यंत उतरायला कड्यातला अरुंद जिना आहे. मागचे लोक ढकलत होते तरी मी प्रत्येक वळणावर थांबून ओघळ कुठून येतो ते बघत होतो. छातीवर काळे डाग आहेत, खांद्यावर शेवाळ आहे, मधूनमधून डागडुजीही करावी लागते. पण बाराशे वर्षं तो दगड टिकलाय तो या चरांमुळे.

तर आमच्या गावात चौकातल्या पुतळ्याचा चौथरा ठरला, आत वाचनालयाची खोली. दाजी समितीवर. मी म्हटलं, वरच्या स्लॅबला ढाळ द्या, कडेने वाटा मारा (म्हणजे कोपऱ्यात सिमेंटची गोलाई), पाण्याला चार इंची पाइप काढा. दाजी म्हणाले, "चीन बघ कुठे पोचलाय, आणि तू पाइपात अडकलायस." पाइपाचे पैसे चौथरा उंच करण्यात गेले. आता पावसाळ्यात पुस्तकांची कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढतात.

दाजींचा चीन म्हणजे बातमीतला चीन. जिंगझोऊ शहरात २०१६ मध्ये ग्वान यू या जुन्या चिनी सेनापतीचा ५८ मीटरचा पुतळा उभा केला, १७ कोटी युआन घातले. जुन्या शहराची शोभा गेली म्हणून सरकारनेच कान उपटले आणि तो हलवायला आणखी साडेपंधरा कोटींचा हिशेब निघाला. तियानजिनमध्ये ५९७ मीटरच्या टॉवरचा सांगाडा २०१५ मध्ये वरपर्यंत पोचला आणि वर्षानुवर्षं तसाच रिकामा राहिला. २०२१ पासून तर ५०० मीटरच्या वर नवी इमारत बांधायला बंदीच आहे.

अर्थात सगळंच दिखाऊ आहे असं नाही. शांघाय टॉवर ६३२ मीटर आहे आणि वाऱ्याचा जोर मोडावा म्हणून मुद्दाम पिळलेला आहे. त्यातली इंजिनिअरिंग मी मानतो. मला उंचीचं वावडं नाही. पण ज्याला उतार कळत नाही त्याने उंचीवर बोलू नये.

आणि दाजी, हे उत्तर भाचा तुम्हाला दाखवेलच. पाइप अजूनही काढता येतो. उत्तरेकडची भिंत फोडावी लागेल, वरचा कोबा उखडून ढाळ नव्याने द्यावा लागेल. मजुरी समितीने द्यावी, माल मी घालतो. फक्त दिवाळीनंतर धरा, ओल वाळल्याशिवाय मी हात लावणार नाही.