अमेरिकेत एक कोर्स मध्येच सोडला तर मुलीची फेडरल आर्थिक मदत बंद होईल का?

एका कोर्सने सहसा बंद होत नाही, पण तो हिशेबात मात्र धरला जातो. फेडरल नियमांनुसार (३४ सीएफआर ६६८.३४) कॉलेज जीपीए (ग्रेडची सरासरी), घेतलेल्यांपैकी पूर्ण केलेली क्रेडिट्स (प्रत्येक कोर्सला ठरलेले अभ्यासाचे एकक) आणि पदवीला लागणारी एकूण मुदत तपासतं. मध्येच सोडलेल्या कोर्सपुढे लागणाऱ्या 'डब्ल्यू' (विथड्रॉ) या शेऱ्याने जीपीए घसरत नाही म्हणून मुलं निर्धास्त राहतात. फटका बसतो तो क्रेडिट्समध्ये. १२० क्रेडिट्सची पदवी जास्तीत जास्त १८० घेऊन पूर्ण व्हावी लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी घेतलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के क्रेडिट्स पूर्ण करण्याची अट असते. ३० घेऊन १८च पूर्ण केली तर ६० टक्के, म्हणजे अडचण. आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल तर अनेक कॉलेजांत अपील करता येतं. कागदपत्रं जपून ठेवा. नेमके आकडे प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात, तेव्हा कोर्स सोडण्याआधीच फायनान्शियल एड ऑफिसात विचारा.