हिवाळ्यात दक्षिणेला, गोल्फ बॅग आणि ट्रेलर घेऊन

प्रश्न : ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते, वय 59. डिसेंबरअखेर निवृत्त होतेय. आमच्या क्लबच्या आणि आसपासच्या सीनियर महिलांच्या हौशी गोल्फ स्पर्धा मी नियमित खेळते, हँडिकॅप 17, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण 17 जास्त लागतात. आम्ही आत राहता येईल असा एक जुना 22 फुटी ट्रेलर घेतलाय. तो एसयूव्हीला जोडून जानेवारी ते मार्च कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत जिथे स्पर्धा असेल तिथे जायचं, असा बेत आहे. यजमान खेळत नाहीत, शिवाय त्यांची पाठ धरते, त्यामुळे ट्रेलर जोडणं-सोडणं माझ्याच गळ्यात. मुलगी म्हणते, ‘आई, हिशोब केलास तर हॉटेलच स्वस्त पडेल.’ तिचं बरोबर आहे का? आणि 17 हँडिकॅपवर एवढा खटाटोप करावा का?

उत्तर : मुलीचा हिशोब बरोबर आहे, आणि तुमचा बेत आहे तसाच ठेवलात तर तिचंच ऐका. दर तीन-चार दिवसांनी गाव बदलणार असाल तर ट्रेलर महागच पडतो. मागे एवढं ओझं ओढताना गाडीचं मायलेज निम्म्यावर येतं, एकेका रात्रीचं भाडं चढं असतं, आणि तुमचा निम्मा जीव जोडण्या-सोडण्यात जातो. गाव बदलायचंच नाही असं ठरवलंत की ट्रेलर परवडतो. खासगी आरव्ही पार्कचा (ट्रेलर लावून राहायच्या जागेचा) महिन्याचा दर रात्रीच्या दरापेक्षा बराच कमी असतो (विजेचं बिल बहुधा मीटरप्रमाणे वेगळं येतं, ते विचारून घ्या). तेव्हा नकाशा पुढ्यात घ्या आणि शंभर मैलांच्या परिघात दोन-तीन स्पर्धा सापडतील असं एक ठिकाण शोधा. महिनाभर तिथेच राहा. दुसऱ्या महिन्यासाठी दुसरं ठिकाण. मी तरी अशीच फिरते.

पैशापेक्षा मोठं कारण गवताचं आहे. आपल्याकडे उत्तरेला ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या भागावर) बेंट नाहीतर पोआ जातीचं गवत. दक्षिणेला बऱ्याच ठिकाणी बर्म्युडा, आणि त्याच्या पात्यांना एक कल असतो. वाकून बघा. तुमच्याकडून होलच्या दिशेने गवत चकचकीत, फिकं दिसलं तर पाती होलकडे झुकलेली असतात आणि चेंडू पळतो. गडद, मंद दिसलं तर पाती तुमच्याकडे वळलेली, म्हणजे तोच पुट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) जरा जोरात हवा. होलची कडाही बघा, एका बाजूला ती खरवडल्यासारखी दिसते. पाती वाढतात ती त्या बाजूला. चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना) तर हे गवत फारच छळतं. कलाविरुद्ध वेज (अशा फटक्यांची काठी) मारली की ती मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखी अडते आणि चेंडू दोन फुटांवर जाऊन बसतो. हिवाळ्यात बर्म्युडा झोपतो, म्हणून बरेच क्लब वरून राय गवत पेरतात आणि फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा) हिरवागार दिसतो. त्याला भुलू नका, खालची जमीन वेगळीच वागते. हे सगळं अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हॉटेलात उतरलेली बाई आदल्या दिवशी एक प्रॅक्टिस राउंड खेळते आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरते. तुम्ही तोवर रोज दुपारी चिपिंग ग्रीनवर असाल.

आता 17 चं. यूएसजीएच्या (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या) यू.एस. सीनियर विमेन्स अमॅच्युअरला वयाची अट 50 पूर्ण आणि हँडिकॅप इंडेक्स 14.4 पर्यंत, त्यामुळे सध्या ते दार बंद. 14.4 गाठलात तरी आधी पात्रता फेरी, आणि तिथून पुढे जाणाऱ्या बायका बहुतेक एक आकडी हँडिकॅपच्या. तुम्ही जाताय त्याच मुलखातल्या, मर्टल बीचच्या कॅरोलिन कडोन यांनी ही स्पर्धा 1968 ते 1972 सलग पाच वेळा जिंकली होती. पण सीनियर गोल्फ म्हणजे तेवढंच नाही. राज्यांच्या संघटना, क्लब, रिसॉर्ट अशा कितीतरी ठिकाणी फ्लाइट, म्हणजे हँडिकॅपनुसार गट, पाडून खेळवतात, तिथे तुमची गाठ तुमच्याच हँडिकॅपच्या बायकांशी पडते. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नक्की वाचा : राज्याच्या अजिंक्यपद स्पर्धेला बहुधा त्या राज्याचं रहिवासित्व किंवा तिथल्या क्लबचं सदस्यत्व लागतं. महिन्याचं भाडं भरून बसल्यावर हे कळलं तर फार चरफडायला होतं.

मुक्कामाचं बुकिंग आत्ताच करा. जानेवारी-मार्च हा फ्लोरिडाचा भर मोसम. तिथल्या स्टेट पार्कांत रहिवाशांना 11 महिने आधी आरक्षण करता येतं, तुम्हा-आम्हाला 10 महिने आधी. म्हणजे महिनाभर मागे राहूनच शर्यत सुरू. स्टेट पार्कात सलग मुक्कामाला 14 दिवसांची मर्यादाही असते, महिनाभरासाठी खासगी पार्कच बघावं लागेल. यजमान 62 चे असतील आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तर केंद्र सरकारच्या पार्कांचा 80 डॉलरचा आजन्म सीनियर पास काढून ठेवा. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (लष्कराच्या अभियंता विभागाच्या) तलावाकाठच्या कॅम्पग्राउंडवर त्यावर साधारण निम्मं भाडं पडतं. वाटेतल्या मुक्कामांना ती जागा उत्तम : शांत, प्रशस्त, आणि साइट चांगल्या लांब.

वाटेचं सांगायचं तर बाल्टिमोर लक्षात ठेवा. ट्रेलरच्या तोंडाशी प्रोपेन गॅसची 20 पौंडी टाकी असते, आणि तिथल्या बोगद्यांतून 10 पौंडांपेक्षा मोठी टाकी नेता येत नाही. पूर्वी लोक तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जायचे, पण तो मार्च 2024 मध्ये कोसळला. आता शहराभोवतीच्या 695 हायवेच्या पश्चिम बाजूने वळसा घालायचा. फोनमधली बाई तुम्हाला सरळ बोगद्यात घालेल, तिचं ऐकू नका. दिवसाला अडीचशे-तीनशे मैलांच्या वर जाऊ नका, वेग ताशी 60-65 मैलांच्या आत. ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादाच 65 असते. जुना ट्रेलर घेतलाय म्हणता, तर टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा वर्षांचं टायर बदलाच.

जोडण्याला ताकद लागत नाही, क्रम लागतो. गाडी मागे घ्या, जॅकने ट्रेलरचा कपलर (तोंडाची पकड) गाडीमागच्या बॉलवर उतरवा, लॅच बंद करून पिन घाला. आता बहुतेक लोक सोडून देतात ती पायरी : जॅकने ट्रेलरचं तोंड पुन्हा थोडं उचला. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर कपलर नीट बसलाय. कपलर एकटाच वर आला तर तो नुसता बॉलवर टेकलाय, हायवेवर सुटेल. मग साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे काही निसटलंच तर तोंड रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर पडेल. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीला लावायची, साखळीला कधीच नाही. विजेची पिन लावा आणि यजमानांना मागे उभं करून दिवे तपासा. एवढ्याला पाठ लागत नाही. शेवटी जॅकचा पाय पूर्ण वर घ्यायचा, आणि चाकांखालच्या अडणी अगदी निघताना काढायच्या.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडावर) यायला हवा. 5,000 पौंडांचा ट्रेलर असेल तर 500 ते 750 पौंड. हा भार, तुम्ही दोघं आणि सामान मिळून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या मर्यादेत बसलं पाहिजे. जड सामान ट्रेलरच्या शेपटीत भरलंत की तो डोलायला लागतो. डोललाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. मागे घेण्याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते. एवढं पक्कं झालं की नवरा-बायकोची भांडणं निम्म्यावर येतात. (उरलेली निम्मी ‘तू हात हलवून नक्की काय सांगत होतास’ यावर होतात.)

क्लबवर ट्रेलर घेऊन जाऊ नका. तो कॅम्पग्राउंडवर सोडून नुसती गाडी न्या. कॅम्पग्राउंडवर मात्र स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा.

प्रश्न : आमच्या नेट (हँडिकॅप वजा करून गुण धरायच्या) स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. क्लब म्हणतो, 350 डॉलर रोख घ्या किंवा प्रो शॉपमध्ये (क्लबच्या दुकानात) तेवढ्याची खरेदी करा. रोख घेतले तर हौशीपण जाईल का?

उत्तर : खरेदी करा. 2022 पासूनच्या नियमांत हौशी खेळाडूला 1,000 डॉलरपर्यंतचं बक्षीस चालतं, पण रोख फक्त स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅप न धरता खेळवलेल्या, स्पर्धेत. हँडिकॅप धरून खेळवलेल्या स्पर्धेत रोख रक्कम नको. राउंड खेळताना होल-इन-वन (एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये) झाला तर त्याच्या बक्षिसाला ही मर्यादा नाही. मोटार मिळाली तर खुशाल घरी न्या.

प्रश्न : मी टेक्ससचा एक नवरा. बायको यंदा ट्रेलरने स्पर्धांना निघालीय आणि मला ‘सोबत’ म्हणून नेतेय. चार-पाच तास मी करू काय?

उत्तर : स्पर्धेच्या नियमांत चालत असेल तर तिचे कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) व्हा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ती फटक्यासाठी पाय रोवायला लागली की चेंडूच्या मागे, रेषेत उभं राहायचं नाही. 2019 पासून ते नियमात आहे आणि दंड तिला बसतो, तुम्हाला नाही. दुसरं, पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) बॅगेतल्या क्लब, म्हणजे काठ्या, मोजा. चौदाच्या वर निघाल्या तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) होलमागे दोन फटके, जास्तीत जास्त चार. काल ट्रेलरमधून काढलेला नवा पुटर आणि जुना पुटर दोन्ही बॅगेत राहिलेले असतात, ते तुमच्याच लक्षात यायला हवं.

आणि टाक्या रिकाम्या करण्याचं काम तुमचं. आधी काळी (संडासची), मग करडी (धुण्याच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे वेगळे ठेवा, तिच्या गोल्फच्या ग्लोव्हजजवळ नकोत.