गणित बेताचे असताना शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी अर्थशास्त्र निवडावे का?

गणित बेताचे असताना हा विषय झेपेल का आणि तो केवळ पाठांतराचा आहे हे खरे का, अशा दोन शंका तुम्ही विचारल्या आहेत. बरीच वर्षे हा विषय शिकवत असल्याने दोन्हींविषयी सविस्तर लिहितो.

शालेय पातळीवर शेकडेवारी, गुणोत्तर, रेषेचा चढ आणि आलेखाचे वाचन एवढ्या गणितावर काम भागते. पुढे पदवीसाठीही अर्थशास्त्रच घेण्याचा विचार असेल, तर मात्र गणित सोडू नका. तिथे कलन आणि संख्याशास्त्र टळत नाही, आणि अनेक विद्यापीठे प्रवेशासाठीच गणिताची अट घालतात. आलेखांविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण गणित चांगले असणारी मुलेच तिथे अडखळतात. गणिताच्या तासाला स्वतंत्र चल (ज्याच्या बदलाने दुसरी राशी बदलते ती राशी) आडव्या अक्षावर घ्यायला शिकवतात, मागणीच्या आलेखात मात्र किंमत उभ्या अक्षावर असते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथामुळे ही पद्धत रुळली. मार्शल हे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते, त्यामुळे हे अनवधान नव्हे. अमुक इतक्या नगांसाठी ग्राहक किती किंमत द्यायला तयार होईल, असा त्यांचा प्रश्न होता.

आता पाठांतराविषयी. मागणीचा नियम प्रत्येकाला पाठ असतो: इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत घटली की मागणी वाढते. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द गाळले तर फार तर एखादा गुण जाईल, असे मुलांना वाटते. माझ्या मते विषयाचे सारे मर्म त्याच शब्दांत आहे. समजा, एखाद्या वर्षी विमानाचे भाडे वाढले आणि प्रवाशांची संख्याही वाढली. मग नियम खोटा ठरला का? नाही, त्याच काळात लोकांचे उत्पन्न वाढले असेल, म्हणजे ‘इतर परिस्थिती’ कायम राहिलीच नाही, आणि मागणीचा संपूर्ण वक्र, म्हणजे प्रत्येक किमतीला किती मागणी असेल हे दाखवणारी आलेखातील रेषा, उजवीकडे सरकला. एकाच वक्रावरून वरखाली होणे आणि वक्रानेच जागा बदलणे या दोन घटना वेगळ्या आहेत. हा भेद ज्याला स्वतःच्या उदाहरणावर दाखवता येतो, त्याचा अर्धा अभ्यास झाला असे मी समजतो. ज्याने दोन्ही व्याख्या नुसत्या पाठ केल्या आहेत, त्याची गाडी प्रश्न थोडा फिरवून विचारला की थांबते.

मागणीची लवचिकता, म्हणजे किमतीतील बदलाच्या मानाने मागणी किती बदलते याचे माप, हीही अशीच शिकावी. किंमत १० टक्क्यांनी वाढल्यावर मागणी ४ टक्क्यांनीच घटली, तर लवचिकता ०.४ येते. इथे आकडेमोड संपते आणि अर्थशास्त्र सुरू होते: विक्री घटूनही ग्राहकांचा एकूण खर्च सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढतो (१.१० गुणिले ०.९६ म्हणजे १.०५६). तंबाखूसारख्या वस्तूंवर सरकारे कर का वाढवत राहतात, याचे एक कारण इथे सापडते. आरोग्याचे कारण आहेच, पण महसूलही मिळतो.

राष्ट्रीय उत्पन्न, चलन, बँका, सरकारी अंदाजपत्रक या भागात संज्ञा पुष्कळ आहेत आणि काही पाठ कराव्याच लागतात. तिथे एकच सवय ठेवा: उत्पन्नवाढीचा आकडा दिसला, की तो चालू किमतींचा (त्या त्या वर्षीच्या किमतींनी मोजलेला) आहे की स्थिर किमतींचा (एका ठरावीक वर्षाच्या किमतींनी मोजलेला), हे आधी पाहा. उत्पन्न १० टक्क्यांनी आणि किमती ८ टक्क्यांनी वाढल्या असतील, तर खरी वाढ दोन टक्क्यांच्याही आतच राहते.

उत्तरे लिहिताना आधी आकृती काढा, मग काय बदलले, त्यामुळे कोणता वक्र कुठे सरकला आणि किंमत व नगसंख्येचे काय झाले, हे याच क्रमाने लिहा. कारणांची साखळी मध्येच तोडून थेट निष्कर्षावर उडी मारण्याने जितके गुण जातात, तितके गणितामुळे गेलेले मी पाहिलेले नाहीत.

तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी पाठ्यपुस्तकातील लवचिकतेचे प्रकरण कोणाच्याही मदतीशिवाय वाचून पाहा. आकडेमोड अवघड वाटली तरी चिंता नको. पण किंमत वाढवून विक्रेत्याचे उत्पन्न कधी वाढते आणि कधी घटते, हे शोधून काढण्यातच तुम्हाला कंटाळा आला, तर दुसरा विषय घेतलेला बरा.