लिपिड प्रोफाइल नॉर्मल, तरी पोटरी का भरून येते?

प्रश्न : वडिलांच्या पायाच्या रक्तवाहिन्या पन्नाशीतच तुंबल्या, अंगठा काढावा लागला. मधुमेह नव्हता, तंबाखूही नव्हती. माझं वय ४६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८. चढावर डावी पोटरी भरून येते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. कोणती तपासणी करू?

उत्तर : नुसतं उभं राहून दुखणं ओसरतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. मणक्यामुळे पाय दुखत असेल तर बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तुमचं लक्षण रक्तपुरवठ्याकडे बोट दाखवतं, म्हणून आधी घोटा-दंड रक्तदाब गुणोत्तर, म्हणजे एबीआय, करून घ्या. पाचेक मिनिटं निजवून दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजतात. घोट्याचा १०४ आणि दंडाचा १३० आला, तर गुणोत्तर ०.८०. ते ०.९० किंवा त्याखाली असेल तर पायाची धमनी अरुंद झाली आहे असं धरतात. १.४०च्या वर गेलं तर खूश होऊ नका. धमनीत कॅल्शियम साचलं की पट्टा ती दाबू शकत नाही आणि आकडा खोटा फुगतो. मधुमेहींत हे बऱ्याचदा होतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

वडिलांना मधुमेह-तंबाखू नसताना पन्नाशीतच त्रास झाला, म्हणून दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातल्या एलडीएलसारख्या कोलेस्टेरॉलवाहू कणांची. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते. तिची पातळी मुख्यतः एलपीए या जनुकावर ठरते, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलपासून पुढे धोका वाढलेला मानतात. या कणांचा आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणून एका एककाचा आकडा ठरावीक संख्येने गुणून दुसऱ्यात नेऊ नका.

आणि एलडीएल ११८? एबीआय कमी निघाला तर हा ११८चा आकडा तुमच्यासाठी जास्तच आहे, रिपोर्टवर काहीही छापलेलं असो. मग ७०च्या खाली, जमल्यास ५५च्याही खाली आणायचा असतो.

प्रश्न : माझा लायपोप्रोटीन-ए ९० मिलिग्रॅम आहे. तूप बंद केल्याने उतरेल?

उत्तर : जवळपास नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही तो उतरत नाही, पण तेवढ्यासाठी गोळी सोडू नका. ती एलडीएल उतरवते आणि एकूण धोका त्यामुळेच कमी होतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट मात्र पूर्ण बंद. भावंडांची आणि मुलांची तपासणी जरूर करा. रात्री निजल्यावर पाऊल ठणकत असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे लगेच जा. पाय एकाएकी गार आणि पांढरा पडला तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.