आभार मानायला ब्रश घेऊन जा

प्रिय पोरी,

पहाटे चारला आलेला तुझा निरोप मी सकाळी चहा घेताना वाचला. "काका, संपलं एकदाचं. सगळ्यांना 'थँक यू एव्हरीवन' टाकलंय, आता झोपते." झोप बाई. बेल्टेनच्या उत्सवासाठी ३० एप्रिलची रात्र एडिनबरोच्या कॅल्टन हिल या टेकडीवर, वाऱ्यात उभं राहून काढायची म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना अजून आठवतं. पण उठलीस की हे वाच, कारण त्या एका ओळीत आभार उरकले असं तुला वाटत असेल तर ते काही खरं नाही.

आपल्याकडे आभारप्रदर्शन कधी असतं? कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना. नाहीतर मग दुसरं टोक: "आपल्याच माणसाचे आभार मानून त्याला परकं कशाला करायचं, तुमच्या ऋणातच राहू." मिरजेत गणपती मंडळाचं काम करायचो तेव्हा हे वाक्य मीही छातीठोकपणे म्हणायचो. आता वाटतं, त्यात निम्मा आळस होता. मांडव काढायला थांबलेल्या चार पोरांना ऋणबिण काही नको होतं. पहाटेपर्यंत बांबू आम्हीच उतरवले, हे कुणीतरी पाहिलंय, एवढंच त्यांना हवं होतं.

उन्हाळ्याचं स्वागत करणाऱ्या, जाळाच्या या बेल्टेन उत्सवाचंही तेच आहे. उन्हाळी कुरणांवर न्यायच्या आधी गुरं दोन जाळांमधून हाकायची, ही गेलिक लोकांची जुनी चाल. पण आपला एडिनबरोचा उत्सव १९८८ चा. सुरू करणारे कोण, तर अँगस फार्कर, त्याचा टेस्ट डेप्ट हा वादकांचा गट आणि पाठीशी विद्यापीठातले लोकसंस्कृतीचे अभ्यासक. तेव्हा कलाकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसायचं, त्यामुळे आभार आपोआप मानले जायचे. आता कलाकारच तीनशेच्या आसपास असतात, पाहायला हजारो येतात आणि कलाकारांपैकी कुणालाच मानधन नाही. काहींचा तो धर्म आहे, काही नुसते ढोलासाठी येतात. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात मे क्वीन आणि ग्रीन मॅन ही मिरवणुकीतली मुख्य पात्रं सगळ्यांना दिसतात. बाकीचे कुणाला तरी मुद्दाम बघावे लागतात. यंदा तू एका गटाची प्रमुख होतीस, म्हणजे ते बघणं तुझ्या वाट्याला आलं.

एक माणूस तुला आठवतोय का बघ. आगीचे खेळ करणाऱ्यांच्या मागे ओला टॉवेल घेऊन उभा असतो तो. त्याची नजर पूर्ण वेळ नाचणाऱ्याच्या बाह्यांवर आणि केसांवर. ठिणगी कुठे पडली, कापड कुठे धुमसलं, एवढंच त्यानं बघायचं. बाजूनं अख्खी मिरवणूक निघून जाते, पण तो मान वळवत नाही. त्याला "छान झाला कार्यक्रम" म्हणणं म्हणजे जवळजवळ थट्टाच. त्यानं कार्यक्रम पाहिलाच कुठे? त्याला सांग, "दुसऱ्या फेरीत तिच्या खांद्यावर तू टॉवेल टाकलास ते मी पाहिलं." आभाराचा शब्दसुद्धा लागत नाही.

आणि तुमच्या लाल रंगवाल्यांना जिनं आपल्या फ्लॅटवर अंघोळी करू दिल्या, ती? अंगभर लाल रंग फासलेली माणसं एकामागून एक तिच्या बाथरूममध्ये. टब आठवडाभर गुलाबी राहतो, टाइल्सच्या सांध्यांतला रंग तर महिनाभर जात नाही. तिला कार्ड पाठवू नकोस. ब्रश घेऊन जा. सोबत दोघातिघांना ने. मग चहा ती करीलच.

माझी एक चूक सांगतो. एका वर्षी उत्सवानंतरच्या बैठकीत आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. कागदावर यादी केली: ढोलवाले, मशालवाले, वेशभूषेवाले, अगदी सूपवाल्यापर्यंत. आमच्या बॅगा आणि कोट राखत एक बाई रात्रभर एका थंड खोलीत बसली होती. ती राहून गेली. ती काही बोलली नाही, टाळ्याही वाजवल्या तिनं. पुढच्या वर्षी आली नाही. बऱ्याच दिवसांनी लीथ वॉकवर बसस्टॉपवर भेटली तेव्हा विचारलं. म्हणाली, "मला वाटलं, आता माझी गरज नाही." रागानं नव्हे, अगदी सहज. माझी बस आली ते बरं झालं.

तू रात्रभर ज्या खांबांजवळ उभी होतीस ना, ते नॅशनल मॉन्युमेंट म्हणजेही आभारच आहेत. नेपोलियनशी झालेल्या लढायांत मेलेल्या स्कॉटिश सैनिकांसाठी १८२६ मध्ये काम सुरू केलं, १८२९ पर्यंत पैसे संपले, बारा खांब उभे राहिले आणि तेवढ्यावरच थांबलं. अथेन्सच्या पार्थेनॉनएवढं काहीतरी करायला निघाले होते. तू मोठं काही करू नकोस. रोज रात्री चार माणसं घे, प्रत्येकाला दोन ओळी, ज्याची त्याला. आठवडाभरात तुझा गट पूर्ण होईल. त्याहून उशीर केलास तर कोण कुठे उभं होतं ते तुलाच आठवणार नाही.

आणि एक पथ्य पाळ. आभाराच्या त्याच निरोपात "मग ३१ ऑक्टोबरच्या साउइनला येशील ना?" असं हिवाळ्याच्या तोंडावरच्या त्या दुसऱ्या उत्सवाचं विचारू नकोस. लोकांना ते लगेच कळतं. आभार कसले, पुढच्या कामाची आगाऊ रक्कम ती. विचारायचंय ना, महिनाभर थांब.

ज्याच्याशी गेटवर तुझं वाजलं, त्यालाही लिही. भांडणाचा उल्लेख नको, पण "झालं गेलं विसरून जा" हेही नको. त्यानं गर्दी नीट अडवली होती, तेवढंच लिही. मधूनच घरी निघून गेलेल्या मुलीलाही. ती तीन तास उभी होती, ते तीन तास खरेच आहेत.

तुझे आभार कुणी मानले तर "छे, मी काय केलं" म्हणू नकोस. ही आपली खोड. समोरचा धीर करून बोललेला असतो आणि आपण त्याचं बोलणंच खोटं पाडतो. "हो, पाय फार दुखले" म्हण आणि हस.

तुमच्यातली काही मंडळी टेकडीवरून उतरून थेट आर्थर्स सीट या दुसऱ्या टेकडीवर गेली असतील, मे महिन्याच्या पहिल्या दवानं तोंड धुवायला. मी एकदाच गेलो. तोंडापेक्षा पँटच जास्त धुतली गेली.

माझा थर्मास तुझ्याकडे राहिलाय, पण त्याची घाई नाही. त्या टॉवेलवाल्याचं नाव मात्र विचारून मला कळव. नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं आणि आज त्याला दोन ओळी लिहायला बसलो, तर वर नाव काय घालायचं तेच मला माहीत नाही.

तुझा,
काका