‘प्लुत वर्ष’ : लांबलेलं की उडी मारलेलं?

प्रश्न असा आला आहे : “लीप वर्षासाठी ‘प्लुत वर्ष’ असा शब्द वाचनात आला. व्याकरणात प्लुत म्हणजे तीन मात्रांचा, लांबवलेला स्वर. मग प्लुत वर्ष म्हणजे एका दिवसाने लांबलेलं वर्ष, असंच ना? आणि आपल्याकडे ‘अधिक’ हा इतका रुळलेला शब्द असताना सरळ ‘अधिक वर्ष’ का म्हणू नये?”

तुम्ही लावलेला अर्थ इतका चपखल बसतो की तो खोडवत नाही. पण शब्द त्या वाटेने आलेला नाही. संस्कृतातल्या ‘प्लु’ या धातूचे अर्थ तरंगणं, पोहणं आणि उडी मारणं. त्यावरूनच माकडाला आणि बेडकालाही ‘प्लवग’ म्हणतात. ‘लीप’ म्हणजे उडी, म्हणून लीप वर्ष ते प्लुत वर्ष. हा सरळसरळ इंग्रजीवरून बेतलेला शब्द आहे.

आता उडी कोण मारतं? वर्ष नव्हे, वार. ३६५ दिवसांत ५२ आठवडे होऊन एक दिवस उरतो, म्हणून कुठलीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. १५ ऑगस्ट २०२२ मध्ये सोमवारी होता, २०२३ मध्ये मंगळवारी. २०२४ मध्ये तो बुधवारी यायला हवा होता, पण मध्ये २९ फेब्रुवारी आला आणि स्वातंत्र्यदिन बुधवार ओलांडून थेट गुरुवारी जाऊन बसला. इंग्रजी शब्दातली उडी ती हीच.

लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांना मात्र ही उडी दिसली नाही, त्यांना दिसली पुनरुक्ती. इ.स.पू. ४५ पासून लागू झालेल्या ज्युलियस सीझरच्या कालगणनेत जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी नव्हता. रोमन लोक पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजत, आणि तेही दोन्ही टोकं धरून. त्या हिशेबाने २४ फेब्रुवारी हा १ मार्चच्या आधीचा ‘सहावा’ दिवस. चार वर्षांनी एकदा हाच सहावा दिवस दोनदा मोजायचा, म्हणून ते वर्ष ‘दोन सहाव्यांचं’. पोर्तुगिजांचा ‘बिसेश्तु’ हा शब्द त्यातूनच आला, आणि पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या सरकारी भाषेत लीप वर्षाचं नाव तेच होतं.

तुमच्या प्लुत स्वराकडे येऊ. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे तीन काल सांगितले : एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. दुरून हाक मारताना वाक्याच्या शेवटचा स्वर प्लुत होतो, असा त्याचा नियमच आहे. ‘आगच्छ भो देवदत्त३’ असं लिहिताना शेवटचा तीनचा आकडा त्या लांबलेल्या हाकेची खूण असतो. ‘ओ३म्’मधला तीन तोच. आपण मराठीत बांधावरून ‘आई गंऽऽ’ किंवा ‘ए रामाऽऽ’ अशी हाक देतो तेव्हा पाणिनीचंच सूत्र पाळत असतो, फक्त आकड्याऐवजी अवग्रह काढतो. या स्वराला प्लुत का म्हटलं असेल? माझ्या मते, दीर्घाची हद्दही ओलांडून पुढे गेला म्हणून. म्हणजे लांबण्याच्या पोटातही उडी आहेच.

व्याकरणातच आणखी एक सुंदर शब्द आहे, ‘मंडूकप्लुती’. आधीच्या सूत्रातला एखादा शब्द मधली काही सूत्रं वगळून पुढच्या सूत्रात लागू होतो, तेव्हा त्याने बेडकासारखी उडी घेतली असं म्हणतात. लीप वर्षातला वार अगदी हेच करतो. एक सावधगिरी मात्र बाळगा : पंचांगातल्या साठ संवत्सरांपैकी ‘प्लव’ आणि ‘प्लवंग’ यांचा लीप वर्षाशी काही संबंध नाही. शके १९४३ प्लवनाम संवत्सर होतं. ते २०२१च्या गुढीपाडव्याला सुरू झालं, आणि २०२१ लीप वर्ष नव्हतं.

‘अधिक वर्ष’ला माझा विरोध आहे, कारण त्यात वर्षच जादा आल्यासारखं वाटतं. शिवाय मराठी कानाला ‘अधिक’ म्हटलं की अधिक मास आठवतो, आणि त्याचं गणित निराळं आहे. बारा चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे ३५४, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी पडणारं हे अकरा दिवसांचं अंतर साठत जातं आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अख्खा महिना घालून मिटवावं लागतं. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक. २०२३ मध्ये श्रावण असा दोनदा आला होता.

या तेराव्या महिन्याने भाषेला किती शब्द दिले! ऋग्वेदातला वरुण बारा महिने जाणतो, ‘वेदा य उपजायते’, आणि जो जोडीने जन्मतो तोही जाणतो. पुढे त्याला मलिम्लुच म्हटलं, म्हणजे चोर. मग मलमास. मग त्याची अप्रतिष्ठा धुऊन काढायला पुरुषोत्तम मास. घराघरांतलं नाव मात्र धोंड्याचा महिना. धोंडा म्हणजे दगड, या महिन्यात मंगलकार्यं होत नाहीत म्हणून तो दगडासारखा निष्फळ, अशी उपपत्ती लोक सांगतात. मला ती पटण्यासारखी वाटते. कित्येक घरांत पुरणाचे धोंडे करून लेकी-जावयाला जेवायला बोलावतात, ते याच महिन्यात. माझी आजी ‘अधिकाचं वाण’ म्हणून जावयाला तेहेतीस अनारसे द्यायची, तीस आणि तीन. मोजताना ती ‘तेहेतीस’ असं कधी म्हणाली नाही, नेहमी ‘तीस-तीन’च.

आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’. हल्ली कुठल्याही दोन संकटांना ही म्हण लावतात, पण तिचा जीव निराळा आहे. बारा महिन्यांची बेगमी करून बसलेलं घर, त्यातही कणगी तळाला गेलेली, आणि पंचांग सांगतं की वर्ष अजून एक महिना चालणार आहे. कुणी म्हणेल, सुगी सूर्याप्रमाणे येते, तिला अधिक मास कुठे कळतो? खरं आहे. पण दिवस मोजणाऱ्या माणसाला कळतो. नवं संकट कोसळणं हा या म्हणीचा गाभा नव्हे, शेवट लांबणं हा आहे. तुम्ही ‘प्लुत’ या शब्दात जे ऐकलंत, ते खरं तर या म्हणीत आहे.

२९ फेब्रुवारीभोवती आपल्याकडे अशा रूढी जमल्या नाहीत. आयर्लंडमध्ये या दिवशी बाईने पुरुषाला लग्नाची मागणी घालावी, आणि ही मुभा संत ब्रिजिडने संत पॅट्रिककडून मिळवली, अशी दंतकथा आहे. ग्रीसमध्ये अख्खं लीप वर्ष लग्नाला अशुभ मानतात, म्हणजे आपल्या धोंड्याच्या महिन्याचं सख्खं भावंडच. आपल्याला हा दिवस आठवतो तो वाढदिवसांमुळे. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६चे. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप असतं; १९०० तसं भागलं जात नाही म्हणून ते लीप नव्हतं, आणि त्यांच्या जन्मतारखेचा पहिला वाढदिवस थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी आला.

तेव्हा वापराचं सांगतो. रोजच्या बोलण्यात ‘लीप वर्ष’ उत्तम, ते आता मराठीच झालं आहे. लेखनात ‘प्लुत वर्ष’ जरूर वापरा, आणि त्यातून लांबलेलं वर्ष ऐकू आलं तर येऊ द्या. उरला प्रश्न जादा दिवसाचा. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेत तो फेब्रुवारीत येत नाही. शक वर्षात ७८ मिळवून येणारं इसवी सन लीप असेल, तर चैत्र २२ ऐवजी २१ मार्चला सुरू होतो आणि ३० ऐवजी ३१ दिवसांचा होतो. त्या ३१ चैत्राला मी माझ्या वहीत ‘प्लुत दिन’ असं लिहून ठेवतो.